ऐकू आलं ते खरं, कारण दुसरं

पुण्यात घरोघरी जाऊन स्टिरिओ बसवून देणं, जुने अँप्लिफायर दुरुस्त करणं, टर्नटेबलची सुई आणि तोल जुळवून देणं हा माझा व्यवसाय. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सुटे भाग आणता आणता या धंद्यात आलो आणि माझी निम्मी खरेदी अजूनही तिथेच होते. लोकांच्या घरी मला यंत्रं दिसतात तशा यंत्रांभोवती जमवलेल्या वस्तूही दिसतात. स्पीकरची वायर फरशीपासून चार बोटं वर धरणारे चिनी मातीचे ठोकळे, अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेल्या काळ्या लाकडाच्या चकत्या, काचेच्या बरणीत भरलेले खडे, मनगटाएवढी जाड पॉवर केबल, सीडीच्या कडेवरून फिरवायचं हिरवं पेन. यातल्या काही वस्तूंची किंमत शेजारी उभ्या असलेल्या स्पीकरच्या जोडीपेक्षा जास्त असते. त्या घेणारी माणसं संगीतावर जीव असलेली, कान तयार असलेली असतात. ‘फरक पडला’ असं ती सांगतात तेव्हा ती खोटं बोलत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच हे काम अवघड जातं.

सीडीला हिरवी शाई लावायची टूम १९९० च्या आसपास अमेरिकेत निघाली. लेसरचा विखुरलेला प्रकाश चकतीच्या कडेवरून परत फिरतो, वाचनात घोळ घालतो आणि हिरवा रंग तो शोषून घेतो, अशी त्यामागची कल्पना. सीडी प्लेअरचा लेसर असतो ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, अवरक्त. आपल्याला हिरवी दिसणारी शाई त्या प्रकाशाचं काय करते हे तिच्या हिरवेपणावरून ठरत नाही. शिवाय सीडीवर नुसते आकडे असतात, आणि ते वाचताना होणाऱ्या बारीकसारीक चुका जागच्या जागी दुरुस्त करण्याची सोय त्या आकड्यांच्या रचनेतच करून ठेवलेली आहे. एका गिऱ्हाइकांसमोर मी त्यांचीच सीडी शाई लावण्याआधी आणि लावल्यानंतर संगणकावर उतरवून घेतली. दोन्ही फायली आकड्याला आकडा जुळल्या. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, ‘हे पटलं. पण दादा, आवाज मोकळा झालाय हो, खरंच.’

‘मोकळा झाला’, ‘उघडला’, ‘पडदा सरकल्यासारखा वाटला’. प्रत्येक वस्तूबद्दल हेच शब्द मी ऐकले आहेत. हिरव्या शाईच्याच सुमारास अमेरिकेत जॉर्ज टाइस यांनी एक डिजिटल घड्याळ विकायला काढलं होतं. ते भिंतीतल्या सॉकेटला नुसतं लावून ठेवलं की घरातली वीज संगीताला मानवू लागते, असा दावा होता. इंग्लंडमध्ये पीटर बेल्ट यांनी तर स्वतःचा फोटो फ्रीझरमध्ये ठेवण्यापर्यंतचे उपाय सांगितले. हे दावे ऐकून हसणाऱ्यांची कमी नाही. मला मात्र त्या वस्तूंपेक्षा, त्या ठेवल्यावर खुर्चीत बसून डोळे मिटणाऱ्या माणसाचं कुतूहल वाटत आलं आहे. त्याला नक्की काय ऐकू येतं?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला कोथरूडच्या एका घरात मिळालं. घरातले काका निवृत्त प्राध्यापक. ख्याल ऐकण्यात हयात गेलेली, तरुणपणी सवाई गंधर्व महोत्सवाला रात्ररात्र जागलेले. परदेशातल्या मुलाने त्यांना लाकडाच्या चकत्या पाठवल्या होत्या. एम्पिंगो या आफ्रिकेतल्या काळ्या, जड लाकडाच्या. क्लॅरिनेट ज्या लाकडाची बनते तेच हे लाकूड. त्यामुळे ते अँप्लिफायरवर ठेवलं की आवाजाला वाद्याचा गोडवा येतो, असं माहितीपत्रकात लिहिलेलं. मी गेलो होतो आवाज कमी-जास्त करायच्या बटणाची खरखर काढायला. काका म्हणाले, ‘ते नंतर कर. आधी हे ऐक. परवा रात्री चकत्या ठेवल्या आणि तंबोऱ्यातला गंधार ऐकू आला. या रेकॉर्डवर आजवर कधी ऐकला नव्हता.’

मी ऐकलं. गंधार होता. मग चकत्या काढायला सांगितल्या, तरी गंधार होताच. पण मी सांगून काय उपयोग, माझ्याही मनात माझं मत आधीच तयार होतं. काकांनाही ते मान्य झालं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, ‘मी ठेवते नि काढते. तुम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसा.’ हीच पद्धत बरोबर आहे. ऐकणाऱ्याला माहीत नको, आणि त्याच्याजवळ बसलेल्यालाही नको, कारण शेजाऱ्याच्या नुसत्या हालचालीवरून, श्वासावरून माणूस ओळखतो. नाणं उडवायचं, छापा पडला तर चकत्या ठेवायच्या, काटा पडला तर काढायच्या, पण प्रत्येक वेळी अँप्लिफायरपर्यंत जाऊन हात लावल्याचा आवाज सारखाच करायचा. ऐकणाऱ्याने आपलं उत्तर कागदावर लिहायचं आणि शेवटापर्यंत कुणी काही बोलायचं नाही. सोळा वेळा केलं तर निव्वळ अंदाजाने बारा किंवा त्याहून जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. म्हणून बारा बरोबर आली तर मी मान्य करतो की काहीतरी आहे, आणि ते शोधायला लागतो.

काकांची निम्म्याच्या आसपास आली. कागद बराच वेळ हातात धरून त्यांनी विचारलं, ‘मग परवा मला ऐकू आलं ते काय होतं?’

या प्रश्नाला ‘भास’ असं उत्तर देणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. ते उत्तर चुकीचं आहे. तंबोऱ्यातला गंधार भास नसतो. गाणाऱ्याची पट्टी त्या रेकॉर्डसारखी काळी एक असेल तर खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते आणि जवारीमुळे तिच्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट असे कितीतरी स्वरांश जोरात उठतात. पाचपटीचा स्वरांश ३४६ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि तो नेमका गंधार. कुठलीच तार गंधारात लावलेली नसताना तो येतो, म्हणूनच तर त्याला स्वयंभू म्हणतात. मी लॅपटॉप काढला, मायक्रोफोन काकांच्या खुर्चीशी कानाच्या उंचीवर उभा केला आणि त्यांना आलेख दाखवला. ३४६ च्या जागी ठळक सुळका होता. चकत्या ठेवल्यावर तेवढाच, काढल्यावरही तेवढाच. त्या रेकॉर्डमध्ये तो पहिल्या दिवसापासून होता. परवा रात्री काका त्याच्यापर्यंत पोचले, एवढंच.

कसे पोचले, याचा आम्ही दोघांनी बसून शोध घेतला. दिवस जानेवारीचे, पंखा बंद. रात्रीचे साडेअकरा, खालचा रस्ता शांत. एरवी काका जेवणानंतर पेपर वाचत रेकॉर्ड लावतात. त्या रात्री नवी वस्तू आली म्हणून दिवा मालवून, दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये खुर्ची ओढून, फक्त ऐकायला बसले होते. आधी चकत्यांशिवाय एकदा ऐकलं आणि मग चकत्या ठेवून तोच भाग पुन्हा. कोणतंही गाणं लागोपाठ दुसऱ्यांदा ऐकलं की पहिल्या वेळी निसटलेलं काहीतरी सापडतंच, कारण ठळक गोष्टी आता माहीत झालेल्या असतात आणि लक्ष मागच्या गोष्टींकडे जायला मोकळं होतं. यातली प्रत्येक गोष्ट ऐकण्यात फरक पाडते. चकत्या तेवढ्या काही करत नव्हत्या. पण नजरेला दिसत होत्या त्याच, म्हणून श्रेय त्यांना गेलं.

मला या विषयात एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती हीच. ऐकू आलेला बदल बहुतेक वेळा खरा असतो, त्याचं कारण मात्र दुसरीकडे असतं. ते कारण सापडलं तर तो बदल पुन्हा हवा तेव्हा मिळवता येतो. नाही सापडलं तर माणूस पुढची वस्तू विकत घ्यायला जातो.

आणि काय वाजतंय हे आधीच ठाऊक असेल तर कान खरे फरकही ऐकेनासे होतात, याला भक्कम पुरावा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ साली एक प्रयोग मांडला होता. चार स्पीकर आणि चाळीस ऐकणारे. हे ऐकणारे ध्वनीच्याच धंद्यातल्या एका कंपनीतले कर्मचारी. एकदा स्पीकर दिसत असताना गुण द्यायचे, एकदा पडद्याआड असताना. दिसत असताना मोठ्या, देखण्या, महागड्या स्पीकरना भरघोस गुण मिळाले. पडद्याआड ते अंतर पुष्कळच कमी झालं. इथवर कुणालाही अपेक्षित वाटेल. माझ्या कामाला उपयोगी पडलेला भाग याच्या पुढचा आहे. त्यांनी स्पीकरच्या जागाही बदलून पाहिल्या होत्या. खोलीतली जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, यंत्रावरही तो दिसतो. पडदा असताना ऐकणाऱ्यांना तो फरक कळला. स्पीकर डोळ्यांसमोर असताना त्याच माणसांच्या गुणांत त्या फरकाचा मागमूस जवळजवळ राहिला नाही. कोणता स्पीकर आहे हे माहीत झालं आणि कानासमोरचा खरा बदल निसटला.

म्हणून डोळे मिटून ऐकायला सांगणं मला कुणाची परीक्षा घेण्यासारखं वाटत नाही. ज्याचा कान चांगला आहे त्याला तो निर्वेधपणे वापरायची संधी मिळते.

आता दुसरी बाजू. नवी वस्तू आल्यावर आवाज खरोखर, मोजता येईल इतका बदलला, अशीही घरं मी पाहिली आहेत. नारायण पेठेतल्या एका जुन्या घरात जाड पॉवर केबल आणली आणि रेकॉर्ड प्लेअरची घरघर थांबली. मालक केबलवर बेहद्द खूश. जुनी केबल अजून कपाटात होती. ती मल्टिमीटरला लावून पाहिली तर तिच्या प्लगमधली अर्थची तार आत तुटलेली. अँप्लिफायरचा पत्रा जमिनीशी जोडलेलाच नव्हता. त्याला हात लावला की झिणझिण्या येतात असं घरातल्या मुलीने आधी सांगितलंही होतं. नव्या केबलने अर्थ जोडून दिला. बुधवार पेठेतल्या साध्या तीन पिनांच्या कॉर्डनेही तेच झालं असतं, आणि मी ते तिथल्या तिथे करून दाखवलं.

अशी ओळखीची कारणं आणखी आहेत. पिना वर्षानुवर्षं सॉकेटमध्ये बसून काळ्या पडतात. नवी केबल लावण्यासाठी जुनी उपसली की घासून संपर्क साफ होतो. मग जुनीच परत लावली तरी आवाज सुधारलेला असतो. स्पीकरला कुणीतरी दारावरच्या बेलची लाल-काळी बारीक वायर लावलेली असेल तर पाच मीटर जाऊन-येऊन तिचा रोध ओहमच्या घरात जातो आणि आठ ओहमच्या स्पीकरला ते चांगलंच जाणवतं. त्या जागी काहीही जाड लावलं तरी फरक पडणारच. पण दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरने तेवढ्याच अंतरात रोध ०.१२ ओहमच्या आसपास येतो, आवाजात घट होते ती एका डेसिबलच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकी. तिथून पुढे चांदी लावा, वायर फरशीवरून उचला, मला आजवर ना यंत्रावर फरक दिसला ना पडद्याआड कुणी ओळखून दाखवला. आणखी एक. तुलना करताना दुसऱ्यांदा आवाजाचं बटण केसभर जरी पुढे गेलं, तरी तेवढा वाढलेला आवाज मोठा न वाटता चांगला वाटतो. दुकानात ऐकताना हे लक्षात ठेवावं.

अर्थिंगवरून एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. सेट-टॉप बॉक्सची केबल गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीतून येते. तिचा अर्थ वेगळा, घराचा वेगळा. दोन्ही अँप्लिफायरमध्ये एकत्र आले की पन्नास-शंभर हर्ट्झची भुणभुण सुरू होते. ती घालवण्यासाठी अँप्लिफायरच्या प्लगची मोठी पिन कापून टाकायचा सल्ला लोकांना मिळतो. भुणभुण थांबते, आणि त्या दिवसापासून ते धातूचं खोकं घरातल्या लहान मुलांसाठी धोक्याचं होतं. हे करू नका. टीव्हीची केबल क्षणभर काढून पाहा. भुणभुण थांबली तर दोष त्या वाटेने येतो आहे. त्या केबलवर बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो, तो लावला की काम होतं.

विचित्र दिसणारी वस्तू निरुपयोगीच असते असंही नाही. टर्नटेबल हे मुळात कंपनं टिपण्यासाठीच बनवलेलं यंत्र आहे. रेकॉर्डच्या खाचेतली कंपनं कुठली आणि घरातल्या पावलांची कुठली, हे सुईला कळत नाही. शनिवार पेठेतल्या एका वाड्यात माडीवर लाकडी तक्तपोशी होती. कुणी जिन्यावरून आलं की सुई उडायची. मालकांनी रबरी पाय, स्प्रिंगचे पाय, सगळं विकत आणून झालं होतं. मी कडप्प्याची एक जाड लादी कापून आणली, खाली सायकलची ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवली आणि वर टर्नटेबल. जड वस्तुमान आणि मऊ हवा अशी जोडी झाली की ती सेकंदाला तीन-चार वेळा, आपल्याच संथ लयीत हलते आणि त्याहून जलद कंपनं वर पोचू देत नाही. टोनआर्म आणि सुईची स्वतःची लय साधारण आठ ते बारा हर्ट्झची असते, म्हणून खालची लय त्याहून बरीच संथ हवी. विकतचे पाय तिथे कमी पडत होते, कारण टर्नटेबलच्या वजनाच्या मानाने ते फार ताठ होते. त्या माडीवर नंतर मुलं पळायची तरी रेकॉर्ड वाजत राहिली. तीच लादी ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरखाली ठेवली तर काही होणार नाही. तो कंपनं टिपतच नाही. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल तर थोडं खरं असू शकतं. एखाद्या जुन्या व्हॉल्व्हवर पेन्सिलने टिचकी मारली तर स्पीकरमधून टणक आवाज येतो. अशी टिचकी मारता येते का, मारली तर काही दिसतं का, हा प्रश्न मी प्रत्येक वस्तूला विचारतो.

सगळ्यात मोठा बदल मात्र ज्या गोष्टीने होतो ती कुठल्याच दुकानात खोक्यात मिळत नाही. ती म्हणजे खोली. आपल्याकडच्या नव्या फ्लॅटचा हॉल आठवा. व्हिट्रिफाइड फरशी, गुळगुळीत भिंती, बाल्कनीला सरकती काच, काचेचं टीपॉय. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. तिच्या मागोमाग झर्र असा कंप ऐकू येतो. तो समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाने मारलेल्या येरझारांचा. अशी फरशी आवाजाचा शंभरातला एखाद-दुसरा हिस्साच शोषते, जाड गालिचा मधल्या स्वरांचा तिसरा हिस्सा घेतो. गायकाचे शब्द अस्पष्ट येतात आणि तान पुसट होते ती बहुतेक या येरझारांमुळे.

या शास्त्राची सुरुवातच एका अशा खोलीने झाली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातलं फॉग आर्ट म्युझियमचं नवं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. पहाटेपर्यंत गाद्या पुन्हा जागेवर. त्या गाद्यांमधूनच खोलीचं घनफळ, तिच्यातलं शोषण आणि घुमण्याचा वेळ यांचं सूत्र निघालं, आणि जगभरात सभागृहं बांधताना ते आजही वापरलं जातं. आवाजाच्या इतिहासात मला सगळ्यात आदर वाटतो तो या उसन्या गाद्यांबद्दल. आमच्या लहानपणी माजघरात भिंतीशी गाद्यांची चळत असायची, दांडीवर गोधड्या असायच्या, आणि त्या खोलीत रेडिओवरचं बोलणं अक्षर न् अक्षर समजायचं. तेव्हा त्याचं कारण कुणी शोधलं नव्हतं.

गालिचाने सगळं सुटत नाही. तो वरचे आणि मधले स्वर शोषतो, खालच्यांना हातही लावत नाही. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची अर्धी लाट बरोबर मावते. छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिथे ५९ ची मावते. दोन्ही जवळजवळ एकाच जागी पडल्या की त्या पट्ट्यातला कुठलाही आवाज फुगतो. सिनेमाच्या गाण्यातला बेस गिटार एका स्वरावर गडगडतो, बाकीच्या स्वरांवर गप्प होतो. त्यात आपल्याकडे सोफा नेहमी मागच्या भिंतीला टेकलेला आणि स्पीकर टीव्हीच्या कपाटात किंवा कोपऱ्यात कोंबलेले. भिंतीशी हे फुगणं सर्वांत जास्त असतं. पडद्यांनी हा आवाज शोषायचा म्हटलं तर दीड मीटर जाडीचा थर लागेल. पण सोफा दोन फूट पुढे घेतला, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढून मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडले, की तोच माणूस तीच रेकॉर्ड ऐकून म्हणतो, ‘आत्ता कुठे डग्ग्याचा घुमारा सुटा झाला.’ आलेखावर तिथे आठ-दहा डेसिबलचा उतार दिसतो. कुठल्याही केबलने एका डेसिबलचाही मला दाखवलेला नाही.

हे सांगितल्यावर पहिली हरकत घरातून येते, आणि ती रास्त असते. हॉल सगळ्यांचा आहे. मुलं तिथेच खेळतात, पाहुणे तिथेच बसतात. सोफा पुढे आला तर यायचं-जायचं कसं? त्यामानाने अँप्लिफायरवर चकती ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. मला वाटतं या वस्तूंच्या खपाचं मोठं कारण हेच आहे: घरात ज्याला एक कपाट आणि एक खुर्ची एवढीच जागा मिळाली आहे, त्याला आपल्या हाताने सुधारता येईल असं काहीतरी हवं असतं. त्या इच्छेला मी नावं ठेवणार नाही. मी सोफ्याच्या जुन्या आणि नव्या जागेला फरशीवर कागदी चिकटपट्टीच्या खुणा करून देतो. ऐकताना तासभर पुढे ओढायचा, मग परत ढकलायचा. बऱ्याच घरांत ते जमून जातं. कोथरूडच्या काका-काकूंकडेही आता तशा खुणा आहेत. चकत्या त्यांनी अँप्लिफायरवर तशाच ठेवल्या आहेत. मुलाने पाठवलेल्या आहेत, आणि दिसायलाही सुंदर आहेत.

अलीकडचं एक काम सांगतो, कारण त्याने माझ्या कामाची रीतच बदलली. ऐंशीच्या घरातले एक आजोबा. आयुष्यभर नाट्यसंगीत आणि गझल ऐकलेले. ‘आवाजातली चमक गेली’ म्हणून त्यांनी आधी केबली बदलल्या, मग चांदीच्या आणल्या, मग सुई, मग वायरीखालचे ठोकळे. पेन्शनमधून. दुकानात त्यांना असंही सांगितलं होतं की अँप्लिफायरवरचं ‘डायरेक्ट’ बटण दाबलेलंच ठेवा, ट्रेबल-बासच्या बटणांतून आवाज गेला की अशुद्ध होतो. मी मायक्रोफोन लावून मोजलं. ट्वीटर ठणठणीत होते, वरचे स्वर जिथे असायला हवेत तिथे होते. मग खालून वर जाणारा स्वर वाजवला आणि म्हटलं, ‘आजोबा, ऐकू यायचं थांबलं की हात वर करा.’ पाच हजार हर्ट्झ यायच्या आतच त्यांनी हात वर केला. त्यांची नात शेजारी उभी होती. स्वर वर वर जातच होता, तिला तो स्पष्ट ऐकू येत होता, आणि आजोबांचा हात वरच होता.

वयाबरोबर वरचे स्वर सर्वांत आधी जातात. ते इतके हळू जातात की ऐकणारा यंत्राला दोष देतो. ‘स’ आणि ‘श’ यांचा सळसळाट, झांजेची किणकिण, व्हायोलिनवरचा गजाचा स्पर्श, सगळं त्याच पट्ट्यातलं. मी त्यांना तसं सरळ सांगितलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे जायला सुचवलं. नातीने त्याच आठवड्यात तपासणी करून आणली. दोन्ही कानांना यंत्रं बसली, आणि बोलण्यासाठी वेगळी आणि संगीतासाठी वेगळी अशी जुळणी करून घ्यायला मी त्यांना आवर्जून सांगितलं होतं, तीही झाली. बोलण्यासाठी केलेली जुळणी सलग सूर आणि मोठा आवाज दाबते, मग पेटी विचित्र ऐकू येते. मी माझ्या बाजूने ‘डायरेक्ट’ बटण बंद केलं आणि ट्रेबल थोडा वर केला. ही बटणं अँप्लिफायर बनवणाऱ्याने ऐकणाऱ्यासाठीच दिलेली असतात.

तेव्हापासून नव्या घरी गेलो की केबलींकडे बघण्याआधी, चालत असेल तर, मी ऐकणाऱ्याला तो चढता स्वर ऐकवतो. मग टाळी वाजवतो, मग अर्थिंग तपासतो, मग फूटपट्टी काढतो.

आजोबांचा पंधरवड्याने फोन आला. ‘अरे, आता रेकॉर्डची खरखरसुद्धा ऐकू येते,’ ते आनंदाने म्हणाले, ‘इतकी वर्षं मला वाटायचं माझ्या रेकॉर्ड स्वच्छ आहेत.’ गेल्या पावसाळ्यात त्या रेकॉर्डवर बुरशी धरली होती. रविवारी जाऊन धुवायला घेतल्या. एलपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं अल्कोहोल घालून, खाचांच्या दिशेने मऊ ब्रशने. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्ड आधीच वेगळ्या काढल्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यांना नुसतं पाणी आणि साबणाचा एखादा थेंबच चालतो. आणि त्यांच्या रुंद खाचेला एलपीची बारीक सुई चालत नाही, ती तळाशी घासत जाते. तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश टोकाची, वेगळी सुई मागवली आहे.